सुराची लिपी आणि बोटांची लिपी

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या आमच्या अहमदपूर गावात लग्नसराई सुरू झाली, की संध्याकाळी पुस्तक उघडून बसण्यात काही अर्थ उरत नाही. माझ्या घरामागील गल्लीत एका बँडपथकाची तालमीची खोली आहे. पुष्कळ वर्षे हा शेजार मी विद्याव्यासंगातील एक विघ्न म्हणून सोसला. तो शेजार आपला गुरूही होऊ शकेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते. गेल्या लग्नसराईत घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने माझी ही समजूत पालटली, व तोच प्रसंग या निबंधाचे निमित्त होय.

पथकात सॅक्सोफोन वाजविणारा तरुण एके काळी माझ्या वर्गात बसलेला. एके दिवशी तो घरी आला असता त्याच्या वाद्याची पेटी उघडी होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूस वहीची पाने चिकटविलेली दिसली. पानांवर गाण्यांची पहिली चरणे व त्यांच्या खाली नुसते आकडे होते : १२३, १२, १, २. मला सरगम वाचता येते. पण ह्या आकड्यांचा मला काही केल्या उलगडा होईना. "हे सूर लिहिले आहेस का?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, सूर कुठं लिव्हता येतोय? बोटं तेवढी लिव्हता येतात."

प्रथम मला हसू आले. शिकलेल्या माणसाला अडाण्याच्या उत्तराचे हसू यावे, तसलेच ते होते. परंतु तो गेल्यावर ते वाक्य मनातून जाईना. सूर लिहिता येतो की नाही, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर उराशी धरला, अशी मोठमोठी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. आणि बोटे लिहिण्याची युक्ती तर जगातील अत्यंत जुन्या युक्त्यांपैकी आहे. तेव्हा या दोन लिप्यांचा इतिहास एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा, असे मी मनाशी घेतले.

प्रथम भेद स्पष्ट करू. संगीत कागदावर उतरविण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग कानाला काय ऐकू यावे ते सांगतो. सा, रे, ग, म ही अक्षरे किंवा पाश्चात्यांच्या पाच रेघांवरील ठिपके या जातीचे होत. दुसरा मार्ग हाताने काय करावे ते सांगतो : कोणती तार, कोणता पडदा, कोणते भोक. ह्या दुसऱ्या जातीला युरोपात टॅब्लेचर असे नाव पडले व आजची मुले तिला नुसते टॅब म्हणतात. पहिली सुराची लिपी आणि दुसरी बोटांची लिपी, असे आपण म्हणू.

बोटांची लिपी आपल्याला परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या घरात पेटी असेल तर ती आपल्या तोंडातही आहे. गवयाने "स्वर कोणता?" असे विचारताच पेटीवाला "काळी चार" किंवा "पांढरी पाच" असे उत्तर देतो. हे उत्तर सुराचे नाव नव्हे. बोट कोठे पडते त्या जागेचे ते नाव आहे. तबल्याचे धा, ना, तिं हे बोलही आवाजाची नक्कल करता करता हात कोठे व कसा पडावा हेच सांगत असतात. म्हणजे जी लिपी आपण बँडवाल्याच्या पेटीत पाहून हसतो, तिचीच भाषा आपण बैठकीत आदराने बोलतो.

आता मागे जाऊ. सामवेदाच्या पोथ्यांत अक्षरांच्या माथ्यावर आकडे मांडलेले असतात. सामगायन करणारा पुरुष अंगठ्याने आपल्याच बोटांच्या पेरांना स्पर्श करीत स्वरांची स्थाने दाखवितो. या हाताला नारदीय शिक्षेत गात्रवीणा म्हटले आहे. अकराव्या शतकात इटलीतील आरेझ्झोचा साधू ग्विदो याने रेघांवर स्वर मांडण्याची पद्धत व्यवस्थित केली, आणि हाताच्या पेरांवर स्वर मोजण्याची जी पद्धत मध्ययुगीन युरोपात चालू होती, तीही पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोन धर्मपरंपरांना सूर धरून ठेवण्यासाठी प्रथम हातच आठवला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सुराच्या लिपीचा एक थोर ग्रंथ तर आमच्या मराठवाड्यातच लिहिला गेला. तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघण राज्य करीत असता त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. राज्याचा हिशेब सांभाळणाऱ्या या पुरुषाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात अक्षरांनी स्वर मांडून दाखविले आहेत, आणि कोणत्या सप्तकातील स्वर हे कळावे म्हणून खुणाही ठरविल्या आहेत : माथ्यावर बिंदू असेल तर स्वर मंद्र, उभी रेघ असेल तर तार. जमाखर्च लिहिणाऱ्या हातालाच सुरांचा जमाखर्च लिहिण्याची बुद्धी व्हावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ छापून काढला. पण मधल्या सहाशे वर्षांत आपल्याकडील गाणे मुख्यतः गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात व तेथून पुढच्या शिष्याच्या कानात असेच चालत राहिले.

युरोपात याच मधल्या काळात बोटांच्या लिपीने मोठे वैभव भोगले. सोळाव्या शतकात तेथे ल्यूट नावाचे तंतुवाद्य घरोघरी वाजत असे आणि त्याचे पुष्कळसे संगीत टॅब्लेचरमध्येच छापले जाई. तारांच्या रेघा काढावयाच्या, कोणत्या पडद्यावर बोट ठेवावयाचे ते त्यांवर अक्षराने किंवा आकड्याने सांगावयाचे, आणि वर काळाच्या खुणा द्यावयाच्या, अशी ती रीत. पुढे अनेक वाद्ये एकत्र वाजू लागली तेव्हा सर्वांना समान अशी सुराची लिपी वरचढ ठरली व टॅब्लेचर मागे पडले. त्यात दोष नव्हता. एका वाद्याची लिपी दुसऱ्या वाद्यास वाचता येत नव्हती, इतकेच.

सोपी लिपी हवी, ही तळमळ मात्र संपली नाही. १७४२ साली तीस वर्षांचा झां-झाक रूसो पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक योजना घेऊन उभा राहिला. पुढे राज्यशास्त्रात ज्याने खळबळ उडविली, तोच हा रूसो. रेघा व ठिपके काढून टाकून स्वर १ ते ७ या आकड्यांनी लिहावेत, असे त्याचे म्हणणे. अकादमीने त्याची वाखाणणी केली, पण योजना स्वीकारली नाही. तिच्यावरचा खरा आक्षेप संगीतकार रामो याने काढला, व तो आक्षेप खुद्द रूसोनेच आपल्या आत्मवृत्तात प्रांजळपणे नोंदविला आहे. रामोच्या मते आकडा वाचताना दर वेळी मनाला हिशेब करावा लागतो. रेघांवरचे ठिपके चढतात की उतरतात हे डोळ्याला एका दृष्टिक्षेपात दिसते. लिपीची परीक्षा कशी करावी, याचा हा वस्तुपाठच होय. ती शास्त्रशुद्ध आहे का, एवढेच विचारून भागत नाही; वाजविणाऱ्याच्या डोळ्याला, मनाला व हाताला ती किती श्रम देते, हेही पाहिले पाहिजे.

बेल्जमच्या दिनां गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये १८४६ साली आपल्या नव्या वाद्याचे पेटंट घेतले. पितळेचे अंग, वेताच्या पातीचे तोंड, आणि लष्करी बँडमध्ये दुमदुमेल असा आवाज. त्याने एकच वाद्य केले नाही, लहानमोठ्या वाद्यांचे कुटुंबच निर्माण केले. आणि या कुटुंबाच्या लिपीत एक गंमत आहे. त्यातील वाद्यांची लांबी निरनिराळी असल्याने तीच बोटे ठेवली तरी सूर निरनिराळे निघतात. तेव्हा प्रत्येक वाद्यासाठी वादकाने नवी बोटे शिकू नयेत म्हणून संगीत लिहिणारेच स्वर बदलून लिहितात. कागदावर तोच ठिपका दिसला की बोटे तीच. मग आल्टो सॅक्सोफोनवर तो आपल्या काळी पाचला वाजला, तर टेनरवर पांढरी चारला वाजतो. याचा अर्थ असा, की सॅक्सोफोनपुढे ठेवलेला तो विद्वन्मान्य पंचरेषांचा कागदसुद्धा कानापेक्षा बोटांनाच जास्त बांधलेला असतो. आमच्या तरुणाच्या आकड्यांना हसणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. मी ते उशिरा लक्षात घेतले.

आता आपल्या देशातील प्रयत्नांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाल्यात हा वाद पेटला. १८७४ साली सी. बी. क्लार्क या शिक्षणाधिकाऱ्याने हिंदी संगीत पाश्चात्य रेघांवर लिहावे असा आग्रह धरला व सौरींद्रमोहन ठाकुरांनी देशी अक्षरलिपीची बाजू घेतली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा काढून ती मौलाबक्षांच्या हाती दिली. मौलाबक्षांनी आपली स्वरलिपी तयार करून पुस्तके छापविली आणि फळ्यावर गाणे लिहून वर्गाला शिकविण्याची चाल पाडली. खानदानी विद्येचा धनी असलेल्या माणसाने हे करावे, याचे महत्त्व मोठे आहे. लिपीचा आग्रह सगळा इंग्रजी शिकलेल्यांचाच होता, हा समज त्यामुळे टिकत नाही.

त्यानंतर दोन विष्णु आले. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० सालचा, मुंबईच्या वाळकेश्वरातील. ते पेशाने वकील. पुरावा गोळा करावा, साक्षी तपासाव्यात व मग निकाल द्यावा, ही वकिलाची रीत त्यांनी रागांना लावली. त्यांनी देशभर प्रवास केला, निजामाच्या हैदराबादेतही जाऊन आले. गवयांकडून चिजा मिळविल्या, लिहून काढल्या, आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, १८७२ साली जन्मलेले. लहानपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते गाणे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व पुढे स्वतःचा छापखाना घालून पाठ्यपुस्तके काढली. ज्याला अक्षर नीट दिसत नव्हते, त्याने दुसऱ्यांसाठी अक्षरे सिद्ध करावीत, ही गोष्ट मला नेहमी हेलावून सोडते.

दोघांच्या लिप्या मात्र जुळल्या नाहीत. भातखंड्यांच्या लिपीत अक्षराच्या वर बिंदू असेल तर स्वर तार सप्तकातला, खाली असेल तर मंद्रातला. पलुसकरांच्या लिपीत वरचा बिंदू मंद्राचा व उभी रेघ ताराची, म्हणजे देवगिरीच्या रत्नाकरातील खुणांप्रमाणे. तोच बिंदू त्याच जागी, आणि अर्थ नेमका उलटा! एकीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, दुसरीत त्याचा पाय मोडलेला. भातखंड्यांची लिपी लिहावयास सोपी. पलुसकरांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रेची खूण, म्हणून ती काळाच्या बाबतीत अधिक काटेकोर. शेवटी प्रसार भातखंडे पद्धतीचा अधिक झाला. सोपेपणा जिंकला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हा विजय सर्वांनाच आनंदाचा नव्हता. चीज हे घराण्याचे धन होते. मुलीच्या लग्नात दागिना द्यावा तशी कित्येक घराण्यांत चीज दिली जाई. ती पुस्तकात गेली, की जन्मभर रियाज केलेल्या उस्तादाच्या हातून त्याची मिरास गेली. उस्तादांचा दुसरा आक्षेप विद्येचा होता. दरबारीतला कोमल गंधार कागदावर इतर कोमल गंधारांसारखाच दिसतो. तो आंदोलत कसा राहतो, हे गुरूच्या गळ्यावाचून कळत नाही. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्याबरोबर हेही खरे, की लिपी नसती तर मध्यम वर्गातील मुलामुलींना, आणि विशेषतः ज्यांना उस्तादाच्या घरी जाऊन बसता येत नव्हते त्या स्त्रियांना, ह्या विद्येचे दार उघडलेच नसते. लिपीने कोणाचे काय नेले व कोणाला काय दिले, हे दोन्ही रकाने भरल्यावाचून तिचा इतिहास पुरा होत नाही.

सॅक्सोफोनच्या वाट्याला यातील काहीच आले नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपी शिकवीत. तेथून निघालेल्या वादकांनी मुंबईची नृत्यगृहे व पुढे चित्रपटांची वाद्यवृंदे भरून काढली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या संगीताची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, हे सगळे कागद वाचणारे व लिहिणारे. १९५८ साली कलकत्त्याहून मुंबईस आलेल्या मनोहारी सिंग यांनी चित्रपटांतून सॅक्सोफोन घराघरांत पोहोचविला. पण त्या सुरावटी जेव्हा आमच्या भागातील वरातीत आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा कागद आला नाही. बँडवाल्याने त्या कानाने उचलल्या. एका बाजूस गोव्याची पंचरेषा, दुसऱ्या बाजूस भातखंड्यांची सरगम. आणि मध्ये वरातीपुढे चालणारा हा वादक, ज्याला दोहोंपैकी एकही शाळा मिळाली नाही. आकड्यांचे टॅब ही त्याची, त्याला मिळेल तशी मिळविलेली साक्षरता होय.

त्या तरुणाच्या चिटोऱ्यांमागची कथा मला नंतर समजली. पथकाचे म्हातारे उस्ताद क्लॅरिनेट व सॅक्सोफोन दोन्ही वाजवीत. शेकडो चाली त्यांच्या बोटांत होत्या, कागदावर एकही नव्हती. दात गेले, फुंक गेली, आणि शेवटच्या वर्षी ते नुसते वाद्य मांडीवर घेऊन मुक्याने बोटे चालवून दाखवीत. आवाज नव्हता, म्हणून पोराने दिसले ते लिहून घेतले. "बोटं तेवढी लिव्हता येतात," या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला. उस्ताद वारले. वहीत एकोणतीस चाली आहेत. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

मग मी त्याच्यापाशी ती लिपी शिकावयास बसलो. डाव्या हाताची तीन बोटे १, २, ३. उजव्याची ४, ५, ६. आणि डाव्या अंगठ्याची चावी दाबावयाची असेल तर आधी 'अं'. सा म्हणजे १२३, रे म्हणजे १२, ग म्हणजे १, म म्हणजे नुसते २. येथवर सूर चढत जातो व बोटे सुटत जातात. पण पुढचा प आला, की एकदम अं १२३४५६! सरगमीत म आणि प शेजारी शेजारी बसलेले, एक पायरी चढली की झाले. वाद्यावर मात्र एका बोटावरून एकदम सात बोटांवर यावे लागते. नवशिक्याचा सूर तेथेच फाटतो. ही अडचण भातखंडे दाखवीत नाहीत, पलुसकर दाखवीत नाहीत. ती आकड्यांची ओळ दाखविते. आणि तार सा पाहावा, तर अं १२३. बोटे मूळ सा ची तीच, फक्त अंगठा जास्त. अक्षर तेच ठेवून माथ्यावर बिंदू द्यावा, तसाच हा अंगठा. शार्ङ्गदेवाची रेघ, भातखंड्यांचा बिंदू व या पोराचा 'अं' ह्या तिन्ही एकाच विचाराच्या खुणा आहेत, हे पाहून मला जो आनंद झाला, तो पुष्कळ ग्रंथांनी दिलेला नाही.

उणेपणही दिसले. त्या ओळीत काळ नाही. स्वर किती लांबवावा हे कोठेच लिहिलेले नाही. म्हणून ज्याने चाल ऐकली आहे त्यालाच ती वाचता येते. ग्विदोची प्रतिज्ञा अशी होती, की पूर्वी न ऐकलेले गाणेही शिष्याने कागदावरून म्हणावे. तरुणाची वही स्मरणाला आधार देते. स्मरण संपले की तीही मुकी होईल. शिवाय त्यात सा कोणता हे न कळल्यामुळे दोन चालींतील नाते त्याला दिसत नव्हते. मी एकेका आकड्याखाली सरगम लिहीत गेलो, मात्रांचे खंड पाडले, समेची फुली दिली. पाचवी चाल लिहून होताच तो थबकला व म्हणाला, "सर, ही अन् तिसरी एकाच घरातल्या हायत की!" त्या दोन्ही चाली एकाच रागाच्या अंगाने जाणाऱ्या होत्या. उस्तादांनी हे त्याला सांगितले नव्हते. त्यांच्या बोटांना ते ठाऊक होते.

कोणी म्हणेल, की सोपी लिपी हाती आली म्हणजे माणूस तेथेच थांबतो, पुढे शिकत नाही. थांबतो हे खरे. पण बहुधा पुढची पायरी दाखविणारा कोणी न भेटल्यामुळे थांबतो. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला, त्यावर कर्नाटक संगीताची रीतसर तालीम घेतली, आणि २०१९ साली ते वारले तोवर हे परदेशी पितळ दक्षिणेच्या मैफलीत मानाने बसले होते. वाद्याला जात नसते, व लिपीलाही नसावी. कमीपणा आकड्यांत नाही. आकडे ज्याच्या वाट्याला आले, त्याला अक्षरे देण्याचे आपण शिकलेल्यांनी मनावर घेतले नाही, यात तो आहे.

एकोणतीसपैकी अकरा चाली आजवर आमच्या लिहून झाल्या. वरच्या ओळीत त्याची बोटे, खालच्या ओळीत माझी सरगम. काही ठिकाणी आमचा वाद होतो. मी म्हणतो येथे कोमल निषाद असला पाहिजे, तो बोटे ठेवून दाखवितो की उस्ताद शुद्धच वाजवीत. अशा वेळी मी माझे अक्षर खोडतो. संध्याकाळी गल्लीतून वाद्याचा आवाज आला, की पुस्तक मिटून वही उघडतो. अजून अठरा चाली राहिल्या आहेत.